दत्तक बाळाचे पूर्वायुष्य

परक्या देशातून दत्तक आणलेल्या तान्ह्या मुलाची ओळख त्याच्या नव्या आईबापांना कशी व्हावी, हा प्रश्न वरकरणी इतका कौटुंबिक वाटतो की, त्याचा स्वतंत्र विचार करण्याची निकड गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारशी कोणाला भासली नाही. मूल लहान आहे, त्याला मागचे काही आठवणार नाही, माया मिळाली की ते आपोआप घरचे होईल, अशी समजूत देणाऱ्या देशातही होती आणि घेणाऱ्या देशातही होती. ती सद्हेतूतून उपजलेली होती, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली. परंतु आठ महिन्यांचे किंवा वर्षाचे मूल पुण्याच्या, सोलच्या अथवा बुखारेस्टच्या शिशुगृहातून निघून स्टॉकहोमच्या वा मिनेसोटातल्या एखाद्या घरात पोचते, तेव्हा त्याच्या आयुष्यातला एक सबंध कालखंड मागे पडलेला असतो. त्या कालखंडात ते काही आवाज ओळखू लागलेले असते, काही हातांवर विसंबू लागलेले असते, भूक लागली असता काय केल्याने दूध मिळते आणि काय केल्याने मिळत नाही हे त्याने अनुभवाने ठरविलेले असते. पोटच्या मुलाचा हा इतिहास आईला ठाऊक असतो, कारण तो तिच्याच कुशीत घडलेला असतो. दत्तक बाळाला इतिहास असतोच, मात्र तो जाणणारी माणसे हजारो मैल दूर राहिलेली असतात. बाळाची ओळख करून घेणे म्हणजे सर्वप्रथम त्याच्या ह्या पूर्वायुष्याची ओळख करून घेणे होय, आणि ते काम जितके घेणाऱ्या आईबापांचे आहे तितकेच देणाऱ्या संस्थांचे आहे, ह्या दृष्टीने मी पुढील आढावा घेतला आहे.

आंतरदेशीय दत्तकाची प्रथा आजच्या स्वरूपात दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. कोरियातील युद्ध १९५३ साली थांबले, आणि दोनच वर्षांनी अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील हॅरी व बर्था होल्ट ह्या दांपत्याने युद्धात पोरकी झालेली आठ कोरियन मुले एकदम दत्तक घेतली; त्यांच्यासाठी अमेरिकन काँग्रेसला स्वतंत्र कायदा मंजूर करावा लागला. तेव्हापासून दक्षिण कोरियातून परदेशी गेलेल्या मुलांची संख्या २ लाखांच्या आसपास धरली जाते, आणि स्वीडनसारख्या लहान देशाने जगभरातून सुमारे ६० हजार मुले घेतली. भारतातून मुले जाऊ लागली ती प्रामुख्याने साठोत्तर काळात. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ सालचा. टाकलेल्या अर्भकांना आसरा देण्याची परंपरा महाराष्ट्रात तेव्हापासून चालत आली आहे, आणि पुढे पुण्या-मुंबईतील संस्थांनी, विशेषतः ससून रुग्णालयाच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या ‘श्रीवत्स’ने व भारतीय समाज सेवा केंद्राने, तिला दत्तकाची जोड दिली. हिंदूंसाठी १९५६ चा दत्तक कायदा झाला होता, पण परकीयांना तो लागू नव्हता. म्हणून १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयात दरखास्त करावयाची, हुकूम मिळाला की मूल पाल्य म्हणून घेऊन जावयाचे आणि दत्तकविधान आपल्या देशात उरकावयाचे, असा आडवळणाचा मार्ग परदेशी दांपत्यांना पत्करावा लागे. ह्या व्यवहारातील गैरप्रकारांकडे लक्ष्मीकांत पांडे ह्या वकिलांनी एका पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयाचे लक्ष वेधले. त्या पत्रालाच अर्ज मानून न्यायमूर्ती भगवती यांनी १९८४ साली जो निकाल दिला, तो ह्या विषयावरील भारतीय विचाराचा पाया होय. मूल परदेशी जाण्यापूर्वी त्याचा स्वतंत्र अभ्यास-अहवाल व वैद्यकीय अहवाल तयार झाला पाहिजे, हे बंधन त्याच निकालाने घातले. आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग करारानेही मुलाची पार्श्वभूमी, कुटुंबाचा इतिहास व प्रकृतीचा वृत्तान्त यांचा अहवाल आवश्यक ठरविला आणि मुलाच्या मुळाविषयीची माहिती जतन करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. भारताने तो २००३ साली मान्य केला.

बाळाच्या पूर्वायुष्याचे महत्त्व कायद्याला उमगण्यापूर्वी मानसशास्त्राला उमगले होते. रेने स्पिट्झ यांनी १९४५ साली संस्थांत वाढणाऱ्या अर्भकांविषयी लिहिले, की अन्न, औषध व स्वच्छता यांची वाण नसतानाही एका विशिष्ट माणसाच्या सहवासावाचून ती कोमेजतात. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली सादर केलेल्या अहवालात हाच विचार व्यापक केला. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा जो चित्रपट घेतला, त्यात आईपासून दुरावलेले मूल आधी आक्रोश करते, मग खचते आणि अखेरीस अलिप्त होते, हा क्रम डोळ्यांनी पाहता येतो. ह्या तिसऱ्या अवस्थेतील मूल शांत व समंजस दिसते, आणि पाहणाऱ्याला ते रुळले असे वाटते. दत्तक बाळाच्या बाबतीत सर्वांत घातक गैरसमज होतो तो इथेच.

वयाचा एक तपशील येथे ध्यानात ठेवला पाहिजे. सहा महिन्यांपर्यंतचे मूल बहुधा कोणाकडेही पाहून हसते; सातव्या ते नवव्या महिन्याच्या सुमारास त्याची ओढ एकदोन माणसांवर स्थिर होते आणि परक्याचे भय उपजते. कागदपत्रांची पूर्तता, वैद्यकीय तपासण्या, परवानगी, पारपत्र ह्या सर्वांना लागणारी मुदत अशी काही जुळून येते की, पुष्कळ बाळे नेमकी ह्याच वयात, म्हणजे माणसे ओळखण्याची व गमावण्याची जाणीव सर्वांत तीव्र असताना, जागा बदलतात. ह्यात कोणाचा दुष्टावा नाही. पण दप्तरदिरंगाईची किंमत महिन्यांत मोजली जाते आणि ती बाळाला मोजावी लागते, एवढे मात्र खरे.

ह्या हानीला मर्यादा किती, ह्याचे सर्वांत भरवशाचे उत्तर रुमानियाच्या मुलांनी दिले. तेथील हुकूमशहा चौसेस्कूची राजवट १९८९ च्या डिसेंबरात कोसळली आणि तेथील अनाथालयांची भीषण स्थिती उघड झाली; ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या अशा १६५ मुलांचा मागोवा मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालपणापासून तारुण्यापर्यंत घेतला. सहा महिने पुरे होण्यापूर्वी बाहेर पडलेली मुले ब्रिटनमधल्याच दत्तक मुलांच्या बरोबरीने वाढली. त्याहून अधिक काळ तेथे राहिलेल्यांत मात्र काही अडचणी तारुण्यापर्यंत टिकल्या. तरीही त्या उशिरा सुटलेल्यांपैकीही सुमारे पाचवा भाग असा निघाला की ज्याच्यात कोणताच गंभीर दोष कधी आढळला नाही. मुलाच्या अंगची चिवट जीवनशक्ती आणि घराची माया यांचे बळ ह्या आकड्यात आहे, आणि निराशेने हात टेकणाऱ्यांनी तो विसरू नये. नेदरलंड्समधील अभ्यासकांनी जगभरच्या पाहण्या एकत्र करून असेच अनुमान काढले, की पहिल्या वाढदिवसापूर्वी दत्तक गेलेली मुले आपल्या नव्या आईबापांशी पोटच्या मुलांइतकीच निर्भयपणे बांधली जातात. मात्र रुमानियातील अनाथालय आणि महाराष्ट्रातील चांगले शिशुगृह यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. येथे पुष्कळ ठिकाणी बाळांना मांडीवर घेऊन भरविणाऱ्या, त्यांच्याशी बोलणाऱ्या मावश्या असतात, आणि म्हणूनच येथून जाणाऱ्या बाळाच्या वाट्याला अभावापेक्षा वियोग अधिक येतो.

आता प्रत्यक्ष पहिल्या आठवड्यांकडे वळू, कारण ओळखीचे खरे काम तेथेच होते आणि त्याविषयी लिहिले जाते ते फार थोडे. महाराष्ट्रातील एका शिशुगृहाची खोली मनापुढे आणावी. पंधरा-वीस पाळणे ओळीने मांडलेले, छताचा पंखा घरघरत असलेला, रस्त्यावरून रिक्षांचे भोंगे, एक मूल निजते तोच दुसरे रडते. अंगाला तेलाचा वास, डोळ्यांत काजळ, कमरेला काळा करदोटा, पोटात मऊ भात किंवा वरणाचे पाणी. बाळाला झोप लागते ती ह्या गलबल्यात, आणि हा गलबलाच त्याच्या लेखी जग सुरक्षित असल्याची खूण असतो. तेथून उचलून आपण त्याला उत्तरेकडील एका घरात नेतो, जेथे डिसेंबरात दुपारी तीनच्या सुमारास सूर्य मावळतो, जेथे हौसेने सजविलेली त्याची स्वतंत्र खोली असते आणि त्या खोलीत दार लोटल्यावर निःशब्द अंधार असतो. पाळण्यातील बाहुल्या, भिंतीवरची चित्रे, लोकरीचे उबदार कपडे ही सारी प्रेमाची साक्ष असते खरी. परंतु ज्याने आयुष्यात कधी एकट्याने रात्र काढलेली नाही, त्या जीवाला ती शांतता भीतिदायक वाटते. अशा बाळाला काही महिने आईबापांच्या खोलीतच निजवावे, हा सल्ला आता पाश्चात्त्य देशांतले जाणकारही देतात. आपल्याकडील कोणत्याही आजीने तो विनासायास दिला असता.

खाण्यापिण्याच्या बाबतीत असेच चकविणारे अनुभव येतात. जेथे सांभाळणारे हात अपुरे असतात तेथे बाटलीच्या बोंडल्याचे भोक मोठे केलेले असते, म्हणजे दूध लौकर संपावे. त्या सवयीचे मूल नव्या घरी आले की बारीक भोकाच्या बाटलीवर चिडते, किंवा दूध घटाघटा पिऊन आणखी मागते, आणि आईबाप त्याला हावरे तरी समजतात किंवा आजारी तरी. भूक लागली की अन्न येते, आणि ते येतच राहते, ह्याची खात्री पटावयाला काही मुलांना कित्येक महिने लागतात. तोवर हातातील बिस्किटाचा तुकडा ती निजतानाही सोडत नाहीत. मूल पोसले जाण्यासाठी दुधाचे मोजमाप लागते हे खरे. पण ओळख होण्यासाठी ते दूध कोणी पाजले ह्याला अधिक महत्त्व असते, म्हणून पहिले काही आठवडे भरविणे, न्हाऊ घालणे व निजविणे ही कामे आईबापांनीच करावीत आणि बाळाला हातोहात फिरवू नये, असे दत्तकसेवेतील अनुभवी कार्यकर्त्या निक्षून सांगतात. आप्तेष्टांचा उत्साह समजण्यासारखा असतो. तरी विमानतळावरच वीस माणसांनी त्या बाळाला उचलून घेणे म्हणजे एका दिवसात त्याच्यापुढे वीस परके उभे करणे होय.

सर्वांत अधिक मन लावून समजून घ्यावे लागते ते न रडणारे मूल. पाळण्यात तासन्‌तास गुपचूप पडून राहणारे, कोणाच्याही कडेवर जाणारे, पडले तरी हूं की चूं न करणारे बाळ पाहून आईबाप देवाचे आभार मानतात, आणि त्यांचे मित्र त्याच्या गुणीपणाची वाखाणणी करतात; पण रडून कोणी येत नाही असा अनुभव पुनःपुन्हा आल्यावर अर्भक रडण्याचे सोडते, आणि सगळीच माणसे सारखी असतात असे वाटू लागल्यावर ते कोणाकडेही जाते. अशा मुलाला आईबापांनीच रडावयास शिकवावे लागते. म्हणजे ते रडण्यापूर्वीच त्याच्याकडे जावे लागते, ते पडले की त्याच्याऐवजी आपण कळवळून उचलावे लागते, आणि असे करीत राहिल्यावर एके दिवशी ते आई दुसऱ्या खोलीत गेली म्हणून टाहो फोडते. बाहेरच्या माणसाला त्या दिवशी मूल बिघडले असे वाटेल. माझ्या मते ओळखीचा खरा आरंभ त्याच दिवशी होतो.

ह्याच्या उलट टोकाचे दुःखही असते. ज्या बाळाला शिशुगृहात एखादी लाडकी मावशी होती, ते नव्या आईला दूर लोटते, तिच्या कुशीत अंग ताठ करते, रात्री किंचाळून उठते. संस्थेतील सांभाळणारी माणसे बहुतेक स्त्रियाच असल्यामुळे काही बाळे बापाच्या भरड आवाजाला वा दाढीला घाबरतात, तर काही आईकडे पाठ फिरवून केवळ बापालाच चिकटतात. कित्येक वर्षे वाट पाहून, कर्ज काढून, न्यायालयांचे उंबरे झिजवून ज्यांनी हे मूल मिळविले, त्यांच्या मनाला हा नकार किती लागत असेल! तरीही तो नकार शुभचिन्ह मानला पाहिजे. जो जीव एकावर माया जडवू शकला तो दुसऱ्यावरही जडवू शकतो, आणि जो हरवलेल्या माणसासाठी शोक करतो त्याचे काळीज शाबूत असते. त्या शोकाला वाट द्यावी, त्याला खेळण्यांनी दडपू नये. पूर्वी कोरियातून व भारतातून पुष्कळ बाळे सोबतीच्या माणसाबरोबर विमानाने पाठविली जात आणि विमानतळाच्या दरवाज्यात नव्या आईबापांच्या हाती सोपविली जात. आता आईबापांनी स्वतः यावे, काही दिवस शिशुगृहात मावशीच्या शेजारी बसून बाळाला भरवावे आणि मगच न्यावे, ही पद्धत रूढ होत आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांतील सुधारणांत तिला मी फार वरचे स्थान देतो.

आईबापांना ही दृष्टी शिकविता येते काय, ह्याचा प्रयोग नेदरलंड्समध्ये फेमी युफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. श्रीलंका व कोरिया येथून आलेल्या बाळांच्या काही आयांना केवळ एक पुस्तिका दिली. इतर काहींना पुस्तिकेबरोबरच घरी तीन वेळा भेटून, त्यांचे व बाळाचे चित्रीकरण करून, ते त्यांच्यासमवेत पाहून, बाळ कोणत्या क्षणी काय सांगत होते हे दाखवून दिले. नुसत्या पुस्तिकेचा प्रभाव नगण्य ठरला. चित्रफीत पाहिलेल्या आया बाळाचे इशारे अधिक अचूक ओळखू लागल्या आणि त्यांची बाळे त्यांच्याशी अधिक विश्वासाने बांधली गेली. तीन भेटींइतक्या अल्प खर्चात हे साधत असेल, तर प्रत्येक दत्तक संस्थेने ही सेवा देऊ नये ह्याला कोणतेही सबळ कारण मला दिसत नाही.

बाळाच्या शरीराचीही ओळख करून घ्यावी लागते. मिनेसोटा विद्यापीठात डॉ. डेना जॉन्सन यांनी १९८६ साली केवळ परदेशातून दत्तक आलेल्या मुलांसाठी चिकित्सालय उघडले, आणि तेव्हापासून ह्या विषयाचे एक स्वतंत्र वैद्यक उभे राहिले. संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे उंचीची वाढ सुमारे एका महिन्याने मागे पडते, असा एक ठोकताळा त्यातून मिळाला; आणि घरी आल्यावर ही तूट आश्चर्यकारक वेगाने भरून निघते, हेही दिसले. रक्तक्षय, मुडदूस, जंत, खरूज, क्षयाचा संसर्ग, कावीळ ब यांची तपासणी नव्याने करावी लागते. आशियाई बाळांच्या पाठीवर व कुल्ल्यांवर जन्मतः जे निळसर डाग असतात, ते पाहून पाश्चात्त्य डॉक्टरांनी मारहाणीचा संशय घेतल्याचे प्रसंग घडले आहेत. तेव्हा येथून जाणाऱ्या दाखल्यात त्यांची नोंद असणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. टाकलेल्या मुलाची जन्मतारीख बहुधा अंदाजाने लिहिलेली असते, आणि त्या अंदाजावरच पुढे त्याच्या वाढीचे व बुद्धीचे सारे मापन होत राहते. शरीराचे पूर्वायुष्य कधी कधी दहा वर्षांनी बोलते. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींची पाहणी तेथील डॉक्टरांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. त्यांना ऋतुप्राप्ती झाल्याचे मध्यम वय ११.६ वर्षे, म्हणजे स्वीडिश मुलींहून वर्षापेक्षाही अधिक लवकर, असे आढळले, आणि काहींना तर ती आठव्या वर्षीच झाली होती. आरंभीच्या कुपोषणानंतर वाढीने घेतलेला एकाएकी वेग हे त्याचे कारण मानले जाते. ज्या घरात ही माहिती आधी पोचली, तेथील मुलगी त्या वयात गोंधळली तरी एकटी पडली नाही.

भाषेचा विषय मराठी वाचकाला विशेष जवळचा आहे. कॅनडात जॅनेट वर्कर यांनी १९८४ साली दाखविले, की सहा ते आठ महिन्यांची इंग्रजी घरातील बाळे आपला त आणि ट हा भेद सहज ऐकतात, आणि वर्षाची होईतो तो त्यांना ऐकू येईनासा होतो. उलट भारतीय घरातील बाळांचा तो टिकतो व पक्का होतो. म्हणजे आठ-दहा महिन्यांचे जे बाळ पुण्याहून निघते, त्याच्या कानाने मराठी ध्वनींची बैठक जवळजवळ सिद्ध केलेली असते. ती पुढे कोठे जाते? कोरियातून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये आलेल्यांची तरुणपणी पॅरिसच्या संशोधकांनी २००३ साली परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना कोरियन आणि दुसरी एखादी अपरिचित भाषा यांत फरकही करता आला नाही, आणि सर्व काही पुसले जाते असा निष्कर्ष निघाला. पण त्यानंतर २०११ साली भारतातून अमेरिकेत गेलेल्या मुलांवर एक प्रयोग झाला. ज्यांना जन्मभाषेचे एक वाक्यही समजत नव्हते अशा ह्या मुलांना दंत्य व मूर्धन्य वर्ण अल्पकाळ पुन्हा ऐकविताच तो भेद कळू लागला, आणि इतर अमेरिकन मुलांना तेवढ्याच अवधीत तो कळला नाही. मॉन्ट्रियलमध्ये २०१४ साली चीनमधून आलेल्या व केवळ फ्रेंच बोलणाऱ्या मुलींना चिनी स्वरांचे चढउतार ऐकविले असता त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद चिनी बोलणाऱ्यांसारखाच निघाला. तान्हेपणी ऐकलेली भाषा पुसली जात नाही, ती खोल दबून राहते, असे आता मानावयास हरकत नाही. नावाची गोष्टही ह्याच जातीची आहे. साडेचार महिन्यांचे मूल आपले नाव ओळखते, हे प्रयोगाने सिद्ध आहे. तरीही घरात पाऊल टाकताक्षणी ते नाव बदलण्याची रीत परदेशी कुटुंबांत सर्रास होती. नवे नाव ठेवावयाचे तर ठेवावे, पण ज्या हाकेला बाळ मान वळविते ती हाक निदान काही महिने तरी त्याच्या कानावर पडत राहावी.

परदेशस्थ मराठी वा भारतीय दांपत्यांना ह्या बाबतीत एक स्वाभाविक लाभ असतो, कारण बाळाला परिचित अशी अंगाई आणि परिचित असा भात ते देऊ शकतात. परंतु रंग व भाषा जुळली म्हणजे वियोगही टळला असे समजण्याचा मोह त्यांनाच अधिक होतो. ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झालेली लिसा स्थळेकर ही १९७९ साली पुण्यात जन्मली आणि श्रीवत्समधून अवघ्या काही आठवड्यांची असताना दत्तक गेली. तिचे वडील भारतीय व आई इंग्रज. आपले मूळ तिने कधी लपविले नाही, आणि मोठी झाल्यावर ती पुण्याच्या त्या संस्थेत येऊनही गेली. त्वचेचा प्रश्न सर्वांनाच असा सुकर जात नाही. श्रीलंका, कोलंबिया व कोरिया येथून नेदरलंड्समध्ये आलेल्या सात वर्षांच्या मुलांच्या पाहणीत, आपण गोरे असतो तर बरे झाले असते, ही इच्छा अनेक सावळ्या मुलांनी आपल्या आईजवळ बोलून दाखविली होती. बाळाची ओळख बाळपणी संपत नाही, ह्याचा हा पुरावा.

ह्या आढाव्यात एक कटू प्रकरण टाळता येत नाही. ज्या कागदांच्या आधारे आईबापांनी बाळाचे पूर्वायुष्य जाणावयाचे, ते कागदच खोटे असल्याचे अनेक देशांत सिद्ध झाले आहे. नेदरलंड्सच्या चौकशी समितीने २०२१ साली श्रीलंका, बांगलादेश, इंडोनेशिया, ब्राझील व कोलंबिया येथून आलेल्या मुलांच्या व्यवहारांत गंभीर गैरप्रकार नोंदविले आणि त्या सरकारने नवी दत्तके थांबविली. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २०२५ साली मान्य केले, की आईबाप हयात असलेल्या मुलांची नोंद अनाथ म्हणून झाली आणि एका मुलाची ओळख दुसऱ्याच्या नावे लावली गेली. चीनने २०२४ साली परदेशी दत्तकाचा मार्ग जवळजवळ बंद केला. महाराष्ट्रातही काही संस्थांवर गंभीर आरोप झाले, चौकशा झाल्या, खटले उभे राहिले. खोटा कागद हा केवळ कायद्याचा भंग नसतो. जी आई आपल्या बाळाला त्याच्या जन्मदात्रीविषयी वीस वर्षे प्रेमाने काही सांगत आली, तिला ते सारे असत्य होते असे एके दिवशी समजते, आणि मायलेकरांच्या ओळखीचा पायाच उखडला जातो. सचोटीने लिहिलेली एक ओळ, मग ती ‘माहिती मिळाली नाही’ एवढीच का असेना, सजविलेल्या चार पानी कथेपेक्षा त्या मुलाच्या अधिक उपयोगाची आहे.

आता जाणाऱ्या मुलांची संख्या ओसरली आहे. जगभरचा हा ओघ २००४ साली सर्वांत मोठा, वर्षाला सुमारे ४५ हजार मुलांचा, होता. भारतातून २०२३-२४ साली दत्तक गेलेल्या ४००९ मुलांपैकी परदेशी गेलेली ४४९ होती, आणि त्यांतही मोठा भाग वयाने वाढलेल्या किंवा व्यंग अथवा आजार असलेल्या मुलांचा असतो, कारण निरोगी तान्ह्या बाळांना देशातच घरे मिळतात, आणि तसेच व्हावयास हवे. दत्तकाचे हुकूम देण्याचा अधिकार २०२२ पासून न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आहे. वय वाढलेल्या मुलाचे पूर्वायुष्य अधिक मोठे, म्हणून ते जाणण्याची गरजही अधिक मोठी.

शिशुगृहातील मावश्यांशी बोलताना मला पुनःपुन्हा जाणवले आहे, की दत्तकाच्या अहवालात जे नसते ते त्यांना तोंडपाठ असते: कोणते बाळ कानाची पाळी चोळल्याशिवाय निजत नाही, कोणाला दूध कोमटच लागते, कोणते पंखा बंद झाला की जागे होते, कोणाच्या शेजारच्या पाळण्यात त्याचा जिवलग सोबती होता. हे ज्ञान त्यांच्याबरोबर संस्थेतच राहते, आणि वजन, उंची व लसींची यादी तेवढी समुद्रापार जाते. महाराष्ट्रातील प्रत्येक दत्तक संस्थेच्या चालकांना माझी विनंती आहे, की बाळाच्या दप्तरात मावशीच्या शब्दांत लिहिलेले एक पान जोडावे. त्यात त्याचा दिनक्रम, त्याच्या आवडीनिवडी, त्याला हाक मारण्याचे नाव आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईचे नाव असावे. शक्य असेल तेथे तिच्या आवाजातील अंगाईचे ध्वनिमुद्रण आणि न धुतलेले एक दुपटे बाळाबरोबर द्यावे. त्या पानाची एक प्रत संस्थेच्या दप्तरात कायम जपून ठेवावी, आणि ते मूल उद्या मोठे होऊन दारात उभे राहिले, तर कायद्याने जेवढे दाखविता येते तेवढे त्याला विनाविलंब दाखवावे.